साचेखात्याचे दार

(पैठण येथे शेतकरी व विणकर मंडळींच्या सभेत एका खेडेगावच्या शिक्षकाने केलेले भाषण)

आम्ही पंडित नाही आणि वक्ते तर नाहीच. मराठी ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडल्यापासून खेड्यातील पोरांस बाराखडी व पाढे शिकविणे हाच आमचा धंदा. शाळेत आमच्या चुका काढणारे कोणी नसते. येथे शेतात राबणारी व मागावर बसणारी जाणती माणसे बसली आहेत. आमचे चुकले तर भर सभेत सांगावे, आम्हांस राग येणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी बोला, असे आपण सांगितले. बाबासाहेबांनी राज्यघटना घडविली हे आता शाळेतील पोरही सांगते. पण त्यांच्या आयुष्यातील एक मोठे काम असे आहे की, त्याची चर्चा आपल्या कुणबी, माळी, साळी, कोष्टी घरांत फारशी होत नाही. कामाचे कोणतेही दार जातीमुळे कोणास बंद असू नये आणि कामाच्या जागी मजुराला माणसासारखे वागविले जावे, ह्यासाठी त्यांनी जन्मभर केलेली खटपट, हेच ते काम. त्याचा आपणांस विसर का पडला, ह्याचेही कारण आम्ही सांगणार आहो. ते कडू आहे. पण कडू औषध पाजणाऱ्यास शिव्या देऊन ताप उतरत नाही.

आता एका धोट्याची गोष्ट ऐका.

पैठणच्या माणसास धोटा म्हणजे काय हे सांगणे म्हणजे नाथांच्या वाड्यात जाऊन भागवत वाचून दाखविण्यासारखे आहे. तरी बाहेरगावची शेतकरी मंडळी येथे आली आहेत, त्यांच्यासाठी सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत ज्या खात्यात कापड विणले जाई त्यास साचेखाते म्हणत. साचा म्हणजे यंत्राचा माग. त्या मागावर धोटा इकडून तिकडे धावे. धोट्याच्या पोटात कांडी आणि कांडीवर बाण्याचे सूत. एक कांडी संपली की विणकर दुसरी घाली, आणि तिच्या सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर यावे म्हणून त्या भोकाला तोंड लावून श्वासाने सूत ओढून घेई. त्याच धोट्याला आज एकाचे तोंड लागे, उद्या दुसऱ्याचे.

एवढ्याशा त्या भोकात एका सबंध समाजाची भाकरी अडकली होती!

साचेखात्यात कामास होते ते बहुतेक मराठे व इतर स्पृश्य हिंदू, आणि काही मुसलमान विणकर. गिरणीत इतर खात्यांपेक्षा ह्या खात्याची मजुरी पुष्कळ अधिक. अस्पृश्य मानलेल्या मजुरांस कताईच्या खात्यात काम मिळे, झाडलोटीचे मिळे, ओझी वाहण्याचे मिळे. पण साचेखात्याचे दार त्यांना बंद. कारण काय, तर महाराने ज्या धोट्याला तोंड लावले त्याला आम्ही तोंड लावणार नाही, असे तेथील विणकरांचे म्हणणे.

आता थोडा विचार करा. विणकर जे सूत तोंडाने ओढी, ते सूत कोणी कातलेले? खालच्या खात्यात त्याच अस्पृश्य स्त्रीपुरुषांच्या हातांतून आलेले! त्यांच्या बोटांचे सूत ओठांत धरावयास हरकत नव्हती, मग त्यांच्या शेजारी उभे राहण्यास हरकत कसली? त्यांनी कातलेले कापड देवाच्या मूर्तीला नेसवले तरी देव बाटत नव्हता, आणि विणकर मात्र बाटत होता. हा विटाळ सुताला शिवत नव्हता, कापडाला शिवत नव्हता. ज्या जागी मजुरी अधिक मिळे, नेमका तेथेच तो येऊन बसे. असला शहाणा विटाळ आम्ही दुसरा पाहिला नाही.

बरे, तोंडाने सूत ओढल्याशिवाय कापडच विणता येत नव्हते काय? तसेही नाही. ह्या रीतीने रोग पसरतात म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांताने १९११ साली कायदा करून ती बंद केली. हाताने सूत ओवता येईल असे धोटे निघाले होते. तेथे माणसाच्या जिवाची काळजी होती म्हणून धोटा बदलला. येथे माणूस बदलावयाचा नव्हता, म्हणून धोटाही बदलला नाही.

हे दार कोणी बंद केले होते? आपल्या चळवळीतील वाचकांस वाटेल की, आता मास्तर भटजींचे नाव घेणार. नाही. साचेखात्याच्या दारावर कोणी भटजी बसलेला नव्हता. गिरणीचा मालक बहुधा पारशी, भाटिया, गुजराती किंवा साहेब. त्याला कापडाच्या गाठींशी कारण, विणकराच्या जातीशी नाही. ते दार धरून आपणच उभे होतो. आपल्याच शेतकरी घरांतून दुष्काळाने आणि कर्जाने मुंबईस गेलेले आपलेच भाऊबंद तेथे उभे होते. हेच ते कडू कारण. ज्या गोष्टीत आपण दुखावले जातो ती आपण पोरांस पुन्हापुन्हा सांगतो. ज्या गोष्टीत आपण दुसऱ्यास दुखावतो ती सांगावयास आपली जीभ वळत नाही.

कामाच्या जागेचा अपमान काय असतो हे बाबासाहेबांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून लंडनला गेले, आणि करारानुसार नोकरी करण्यासाठी १९१७ साली बडोद्यास आले. एवढा शिकलेला मनुष्य, पण राहावयास खोली मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात आले आणि चालता हो म्हणाले. ओळखीचा एक हिंदू मित्र होता, तो म्हणाला, तू घरी आलास तर माझे नोकर निघून जातील. रात्रीच्या गाडीची वाट पाहत हा विद्वान मनुष्य सार्वजनिक बागेत पाच तास बसून राहिला. कचेरीतही शिपाई विटाळ होईल म्हणून कागद दुरून टाकीत. पुढच्याच वर्षी ते मुंबईस सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. तेथे प्रोफेसरांच्या खोलीत पाण्याचे भांडे होते. त्यातले पाणी ह्यांनी घेऊ नये अशी काही सहकारी प्रोफेसरांची हरकत! ज्याच्यापुढे विद्यार्थी माना खाली घालून टिपणे घेत, त्याला पाण्याच्या घोटाला मज्जाव.

म्हणजे पाहा, नोकरी मिळाली होती. पगार मिळत होता. तरी न्याय मिळाला नव्हता. गिरणीत मजुरास काम मिळत होते, पण चांगल्या खात्यात शिरता येत नव्हते. कॉलेजात प्रोफेसरास खुर्ची मिळाली, पण पाणी मिळाले नाही. काम देणे आणि कामाच्या जागी बरोबरीने वागविणे ह्या दोन गोष्टी आहेत. पहिली दिली म्हणजे दुसरी दिली असे होत नाही. आमचे आजचे सांगणे एवढेच आहे. बाकीचे सारे ह्याचाच विस्तार समजा.

ही वाट बाबासाहेबांच्या आधी कोणी चाललेच नव्हते, असे नाही. जोतीराव फुले ह्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस मोकळा केला. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या, आणि १८९० साली मजुरांस रविवारची सुटी मिळाली. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी २६ जुलै १९०२ रोजी हुकूम काढला की, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्या. त्याच छत्रपतींनी गंगाराम कांबळे ह्यांस कोल्हापुरात चहाचे दुकान घालावयास मदत केली, आणि स्वतः तेथील चहा मागवून घेतला व बरोबरच्या मानकऱ्यांस पाजला. मागासलेल्या माणसाने दुकान घातले तरी गिऱ्हाईक आले पाहिजे ना? राजाने नुसता परवाना दिला नाही, राजा स्वतः गिऱ्हाईक झाला. ही खूण लक्षात ठेवा, शेवटी आम्हांस ती लागणार आहे.

सीताराम केशव बोले हे आपल्याच चळवळीतले आणि कामगारांत काम करणारे गृहस्थ. त्यांनी १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात ठराव आणला की, सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टे, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावे. ठराव पास झाला. महाडच्या नगरपालिकेने आपले तळे खुले असल्याचे जाहीर केले. पण कागदावरचे पाणी कोणाच्या घशाखाली उतरत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह जाऊन ते पाणी प्याले, तेव्हा ठरावाला जीव आला.

ह्या महाडच्या लढ्यातली एक हकिगत आपल्या पक्षाने विसरता कामा नये. आपले पुढारी केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर ह्यांनी सत्याग्रहास पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की चळवळीत ब्राह्मण घ्यावयाचे नाहीत. बाबासाहेबांनी ती अट मानली नाही. त्यांचे म्हणणे असे की, आमचे वैर ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसाशी नाही, उच्चनीचपणाच्या बुद्धीशी आहे. आणि ती बुद्धी कोणाच्याही डोक्यात शिरू शकते. तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांस हे आवडले नसेल. पण वर्षभरातच साचेखात्याच्या दारात त्यांचे म्हणणे खरे ठरले.

१९२८ च्या एप्रिलात मुंबईतील गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे दीड लाख मजूर कामावरून उतरले, आणि संप ऑक्टोबरपर्यंत चालला. संपाच्या पुढाऱ्यांनी मालकांपुढे मागण्या मांडल्या. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांस सांगितले, तुम्ही मालकांकडे न्याय मागता, मग साचेखात्याचे दार अस्पृश्यांस उघडावे ही मागणीही त्यांत घाला. पुढारी कां कूं करू लागले. मजुरांत फूट पडेल, ही वेळ नव्हे, आधी मजुरीचे बघू, मग जातीचे बघू! बंधूंनो, हे बोलणे आपल्या ओळखीचे आहे की नाही? ज्याच्या पायात काटा नाही त्याला काटा काढावयाची घाई कधीच नसते. बाबासाहेब म्हणाले, ही मागणी नसेल तर आमच्या लोकांनी उपाशी राहून तुमच्या संपात का उभे राहावे? तेव्हा कुठे नाइलाजाने मागणी घातली गेली.

आणि पुढे काय झाले ते ऐका. न्यायमूर्ती फॉसेट ह्यांच्या चौकशी समितीपुढे हा विषय निघाला. मालकांचे म्हणणे पडले की, हा अन्याय असेल तर तो आम्ही केलेला नाही. आम्ही कोणास मनाई केली नाही. अडवितात ते तुमचेच मजूर!

मालकांचे उत्तर लबाडीचे होते, कारण गिरणी त्यांची, मुकादम त्यांचा. मनात आणते तर ते पुष्कळ करू शकते. पण उत्तर खोटे मात्र नव्हते. दीड लाख मजुरांच्या पुढाऱ्यांस त्यावर बोलावयास तोंड राहिले नाही. आपल्या हातांनी दुसऱ्याचे दार लावणाऱ्या माणसाची दुसऱ्या दारावरची थाप जड पडत नाही. मजुरांची एकी मोडली ती अस्पृश्यांनी आपला हक्क मागितला म्हणून नव्हे. ती साचेखात्याच्या दारात आधीच मोडलेली होती. बाबासाहेबांनी मोडलेले हाड दाखवून दिले एवढेच.

दहा वर्षांनी हीच गोष्ट त्यांनी आपल्या पैठणपासून फार दूर नसलेल्या मनमाडास सांगितली. फेब्रुवारी १९३८ मध्ये तेथे रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. रेल्वे म्हणजे सरकारच्या देखरेखीचा कारखाना. तेथे तरी जात नसावी. पण बाबासाहेबांनी एकेक काम घेऊन हिशेब मांडला. गँगमन म्हणून रुळावर गिट्टी ओढावयास अस्पृश्य चालतो. स्टेशनवर पोर्टर म्हणून सहसा चालत नाही, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरचीही कामे करवून घेतो, आणि घरात अस्पृश्य नको. कारकुनीत मॅट्रिक न झालेले इतर जातींचे लोक पुष्कळ भरलेले, पण तेवढाच शिकलेला अस्पृश्य तेथे जवळजवळ नाही. वर्कशॉपात कारागीर म्हणून त्याला जागा नाही, मिस्त्री म्हणून तर त्याहून नाही. गँगमन म्हणून लागला तो गँगमन म्हणूनच संपावयाचा. तेथेच त्यांनी सांगितले की, कामकऱ्यांचे शत्रू दोन आहेत, एक ब्राह्मण्य आणि दुसरी भांडवलशाही. आणि ब्राह्मण्य म्हणजे ब्राह्मण जातीचे लोक असे आपण म्हणत नाही, स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती असे म्हणतो, हेही त्यांनी स्पष्ट केले. ही वृत्ती ब्राह्मणेतरांतही आहे, असे त्यांनी तोंडावर सांगितले.

कोणी विचारील, ह्यात आम्हां शेतकऱ्यांचे काय? तर ऐका. त्याच वर्षी, १० जानेवारी १९३८ रोजी, कोकणातील खोती बंद करावी म्हणून हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळावर नेला. त्यांत कुणबी होते, महार होते, सगळे कुळवाडी होते. नोव्हेंबरात कामगारांचा संपाचा हक्क आवळणाऱ्या बिलाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, त्यांतही ते पुढे होते. त्यांच्या पक्षाचे नावच स्वतंत्र मजूर पक्ष. ज्यांनी साचेखात्याचे दार लावले, त्यांच्यासाठीही हा मनुष्य रस्त्यावर उतरला. आपण त्यांना एका जातीचे पुढारी म्हणून भिंतीवर टांगले, हा आपलाच करंटेपणा.

१९४२ च्या जुलैपासून १९४६ पर्यंत बाबासाहेब दिल्लीस व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. एकदा हातात खाते आल्यावर त्यांनी काय केले? सरकार, मालक आणि मजूर ह्यांना एका मेजाभोवती बसविण्याची पद्धत पाडली. खाणीत काम करणाऱ्या बायांच्या बाळंतपणाच्या मदतीचा कायदा १९४३ साली सुधारून घेतला. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळातही त्यांनी गिरणीतील बायांसाठी हीच बाजू मांडली होती. त्याच १९४३ साली मध्यवर्ती सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींस शेकडा ८.३३ जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. कारखान्यांतील कामाचा आठवडा चौपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आणणारी कायद्याची दुरुस्ती १९४६ साली झाली. ह्या अठ्ठेचाळीस तासांत जात नव्हती. आपल्या पैठणच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात जाणारा पोरगा कोणत्याही जातीचा असो, आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास भरले की त्याचा भोंगा वाजला पाहिजे हे ज्यांनी कायद्यात आणले, त्यांत हे नाव आहे.

पुढे राज्यघटना आली. सतरावे कलम अस्पृश्यता बंद करते. सोळावे कलम सरकारी नोकरीत सर्वांस समान संधी देते आणि मागासलेल्यांसाठी जागा राखावयास मोकळीक देते. एकोणचाळिसावे कलम सरकारास सांगते की, समान कामास स्त्रीपुरुषांस समान वेतन असावे. १९५५ साली अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा झाला. १९७६ साली त्यास नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. जातीमुळे कोणास धंद्यात किंवा कामावर अडविणे हा त्याने गुन्हा ठरविला आहे. आणि नुसता कायदा पुरत नाही, खुर्चीवर बसावयास शिकलेली माणसे हवीत, म्हणून १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढले. तेच मिलिंद. निजामी राज्य जाऊन तेव्हा दोन वर्षेही झाली नव्हती. त्या कॉलेजात शिकून निघालेल्यांत आपल्या शेतकरी घरांतील मुलेही पुष्कळ आहेत.

येथे कोणी उठून म्हणेल, मास्तर, जातीवर जागा कशाला? लायकी बघा. आम्ही म्हणतो, जरूर बघा. पण आधी बघू द्या! साचेखात्याच्या दारात लायकी कोणी पाहिली होती? महाराच्या हाताला माग चालवून बघितला, कापड वाईट निघाले, म्हणून त्यास घालविले, असे झाले होते काय? त्याला मागाजवळ जाऊच दिले नाही. ज्या बैलाला औताला जुंपलेच नाही, तो नांगर ओढीत नाही असे कोणता शेतकरी म्हणेल? पिढ्यान्‌पिढ्या दार लावून ठेवावयाचे आणि उघडावयाची वेळ आली की लायकीचा दाखला मागावयाचा, ही जुनी युक्ती आहे. आपल्या ह्या पैठणात ज्ञानदेव आणि त्यांची भावंडे शुद्धिपत्र मागावयास आली होती, असे सांगतात. ज्या मुलांच्या तोंडून पुढे ज्ञानेश्वरी निघावयाची, त्यांनी कोणाच्या तरी दारात आपण शुद्ध असल्याचा दाखला मागत उभे राहावे! ही कथा सांगताना आपण हळहळतो. पण दुसऱ्याकडे शुद्धिपत्र मागताना मात्र आपल्याला ती आठवत नाही.

आता आमची स्वतःची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यात नोकरीस होतो. गावाचे नाव सांगत नाही. शाळेत पोरांसाठी खिचडी शिजत असे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली सांगितले आहे की, हे जेवण शिजविण्याच्या कामावर नेमताना दलित व आदिवासी माणसांस आधी विचारावे. त्याप्रमाणे आमच्या शाळेत गावाबाहेरच्या वस्तीतील एक विधवा बाई लागली. बाई नेटकी. तांदूळ निवडताना एक खडा राहू देणार नाही. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी काही पोरे डब्यात भाकरी घेऊन आली. चौथ्या दिवशी आणखी काही. पोरांस विचारले तर ती खाली बघत. पाचव्या दिवशी गावातील चार वजनदार मंडळी आली. त्यांत कोणी भटजी नव्हता. सगळे आमच्यासारखेच शेतकरी. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. मास्तर, गावात तंटा नको, एवढेच म्हणाले. तोड अशी निघाली की, बाईचा पगार बंद करू नये, पण तिने भांडी घासावी आणि वर्ग झाडावे. डाव दुसरीच्या हातात द्यावा.

आणि आम्ही होय म्हणालो.

बाई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी वेळेवर आली, खराटा घेतला, आणि वर्ग झाडू लागली. वर्गाच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याखाली उभे राहून आम्ही पोरांस समता शिकविली. बाईचा पगार गेला नाही म्हणून आम्ही मनाशी म्हटले, चला, कोणाचे नुकसान झाले नाही! पुढे पुष्कळ दिवसांनी साचेखात्याची हकिगत आमच्या वाचनात आली, तेव्हा आमच्या कानशिलात बसली. कताईचे खाते चालेल, साचेखाते नको. खराटा चालेल, डाव नको. मुंबईच्या विणकरांस नावे ठेवावयाचा आम्हांस काय अधिकार? आम्हीही ते दार धरून उभे होतो. आणि ते विणकर निरक्षर तरी होते. आम्ही तर मास्तर.

त्या दिवशी आम्ही काय करावयास हवे होते ते आता कळते. फार काही नको होते. आपले ताट घेऊन पोरांच्या पंगतीत बसावयाचे आणि त्या बाईच्या हातचे वाढून घ्यावयाचे. त्या चार मंडळींस म्हणावयाचे, बसा, आपणही जेवून जा. शाहू छत्रपतींनी गंगारामाच्या दुकानी हेच केले होते. मास्तराला एवढेही झाले नाही. आता ज्या शाळेत आम्ही आहो तेथे आम्ही पोरांबरोबर जेवतो, वाढणारे हात कोणाचे आहेत हे पाहत नाही. पण त्या बाईचे पाच दिवस परत देता येत नाहीत.

म्हणून बंधुभगिनींनो, नुसत्या टाळ्या वाजवून घरी जाऊ नका. घरी गेल्यावर आपापल्या ताब्यात कोणते दार आहे ते बघा. आपण म्हणाल, आम्ही गरीब, आमच्या ताब्यात कसले दार! तर आम्ही दाखवितो.

विणकर मंडळींनो, पैठणी विणावयास शिकणे ही आता कोणा एका जातीची मिरास राहिलेली नाही. आज मागावर बायकाही बसतात आणि सुंदर विणतात. तुमच्या मागाजवळ कोणी शिकावयास आला तर त्याचे आडनाव विचारण्याआधी त्याच्या बोटांकडे बघा. शिकविलेच तर पुरते शिकवा. नुसत्या कांड्या भरावयास ठेवून घेणे म्हणजे पुन्हा तेच कताईचे खाते.

शेतकरी मंडळींनो, आपल्या शेतात बाई दिवसभर वाकून खुरपते आणि संध्याकाळी तिच्या हातात पुरुषापेक्षा कमी पैसे पडतात. ऊसतोडीस जोडपे जाते, आणि नवराबायको मिळून हिशेबात एकच कोयता धरला जातो. उचल पुरुषाच्या हातात. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला, पण तो बांधावर आला नाही. बांधावर त्याला आपणच आणावयाचा आहे. सावकाराने आपली मजुरी कापली तर आपण त्यास लुटारू म्हणतो. मग बाईची मजुरी कापणाऱ्यास काय म्हणावे, हे आपापल्या घरी बायकांस विचारावे.

कारखान्यात जाणाऱ्या पोरांनो, तुमच्यात कोणी मुकादम होईल, कोणी कंत्राटदार होईल. मालक म्हणेल, पन्नास माणसे आण. तेव्हा गटार उपसावयास कोणास नेता आणि यंत्रावर कोणास उभे करता, हे त्या दिवशी तुमच्या हातात असेल. तुमच्यावर कायद्याचा डोळा नसेल, आम्हीही पाहावयास नसू. तेव्हा एवढेच आठवा की १९२८ साली मालकांस उत्तर देता आले ते आपल्या दोषामुळे. पुन्हा तसे उत्तर कोणास देता येऊ नये.

आणि आयाबहिणींनो, पोरे डब्यात भाकरी घेऊन आली ती आपणहून नव्हेत. ती कोणी तरी बांधून दिली होती. ती बांधू नका.

आमचे बोलणे संपले. बोलण्यात कोणाचे मन दुखावले असेल तर त्याने आम्हांस येऊन भेटावे, आम्ही त्याच्या ओसरीवर बसून ऐकू. आणि जेवणाची वेळ असेल तर जेवूही. मात्र वाढणारा कोण हे आम्ही विचारणार नाही, आणि त्यानेही विचारू नये.